भुशासाठी व्हॅक्यूम क्लीनर घेताय? वॉट बघण्याआधी फिल्टर बघा

रविवारची सकाळ. घराच्या मागच्या खोलीत जुन्या सागवानी दरवाज्याचं टेबल करायचं काम चालू आहे. तासभर सँडर चालवून झाला, भुसा झाडून गोळा केला, फरशी पुसली. खोली लख्ख. एवढ्यात खिडकीतून उन्हाचा कवडसा आत येतो आणि त्यात असंख्य कण तरंगताना दिसतात. झाडू फिरवून अर्धा तास झाला तरी ते तिथेच!

झाडूने जो भुसा गोळा झाला, तो तसा गरीब. नाकात गेला तर शिंक येते आणि बाहेर पडतो. घोर लावतात ते कवडशातले कण, आणि त्यांच्याहून बारीक असलेले, कवडशातही न दिसणारे कण.

लॉकडाऊननंतर घरच्या घरी सुतारकाम करणाऱ्यांची हौस चांगलीच वाढली. यूट्यूब बघून कुणी बुकशेल्फ बनवतं, कुणी शू-रॅक, कुणी मुलांसाठी पाळणा. ड्रिल, जिगसॉ, ट्रिमर, सँडर ऑनलाइन मागवले की दोन दिवसांत दारात. आणि त्यानंतर घरातून येणारी पहिली तक्रार ठरलेली असते, "सगळ्या घरभर धूळ झाली!" मग व्हॅक्यूम क्लीनरचा शोध सुरू होतो. १२०० वॉट, १४०० वॉट, १६०० वॉट, २० केपीए, २२ केपीए... बजेटमध्ये बसणारा सगळ्यात मोठा आकडा निवडला जातो आणि चूक नेमकी तिथेच होते.

लाकडाची धूळ एवढी मनावर घ्यायची का?

लाकूड म्हणजे नैसर्गिक वस्तू, त्याची धूळ काय करणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. इंग्लंडमध्येही तसंच वाटायचं. लंडनच्या वायव्येला हाय विकम नावाचं गाव आहे. खुर्च्या आणि फर्निचर बनवण्यासाठी ते पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध होतं. १९६०च्या दशकात तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ एस्मी हॅडफिल्ड यांच्या लक्षात आलं, की नाकाच्या आतल्या पोकळ्यांचा एक अतिशय दुर्मीळ कर्करोग त्यांच्याकडे वारंवार दिसतोय आणि रुग्णांमध्ये फर्निचर कारखान्यातले कामगार फार आहेत. पुढे ऑक्सफर्डच्या डोनाल्ड अ‍ॅचेसन यांच्यासोबत याचा रीतसर अभ्यास झाला आणि १९६८मध्ये तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. १९९५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला 'गट १'मध्ये टाकलं. तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस याच गटात आहेत.

पण लगेच घाबरून रंधा माळ्यावर टाकायची गरज नाही. 'गट १' याचा अर्थ पुरावा पक्का आहे एवढाच. सगळ्या गोष्टी सारख्याच घातक आहेत, असा तो होत नाही. हाय विकमच्या कामगारांनी आयुष्याची कित्येक वर्षं रोज आठ तास त्या धुळीत काढली होती. रविवारी दोन तास काम करणाऱ्याचा हिशोब फार वेगळा आहे. मात्र दमा, सर्दीसारखं सतत वाहणारं नाक, त्वचेची खाज यांना एवढी वर्षं लागत नाहीत. सागवान आणि शिसव या आपल्या लाडक्या लाकडांची धूळ काही जणांना चांगलीच बाधते. एमडीएफची धूळ तर मैद्यासारखी बारीक असते आणि तिच्यात फॉर्मल्डिहाइडयुक्त डिंकही असतो. शिवाय कारखान्यात काम संपल्यावर कामगार घरी जातो. इथे घर तेच आहे, आणि शेजारच्या खोलीत लहान मूल झोपलेलं असतं.

किती धूळ म्हणजे जास्त, हेही बघू. युरोपात कामाच्या ठिकाणी कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा आता एका घनमीटर हवेत २ मिलिग्रॅम आहे, आठ तासांची सरासरी धरून. आपली खोली १० बाय १० फुटांची आणि ९ फूट उंच असेल तर तिच्यात साधारण साडेपंचवीस घनमीटर हवा मावते. म्हणजे पूर्ण खोलीत मिळून ५१ मिलिग्रॅम धूळ तरंगली की मर्यादेची रेघ आली. चिमूटभर मिठाचं वजन याच्या कितीतरी पट भरतं!

आता टेबलाकडे येऊ. चार फूट बाय दोन फुटांच्या सागवानी फळीवरून सँडरने फक्त ०.१ मिलिमीटर थर काढला, तर जवळपास ५० ग्रॅम धूळ निघते. म्हणजे ५०,००० मिलिग्रॅम. तिच्यातली बरीचशी जड असल्यामुळे खाली पडते, पण हजारातला एक भाग जरी हवेत राहिला तरी ती रेघ गाठली जाते.

आणि हवेत राहिलेली धूळ पटकन खाली येत नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सहा फुटांवरून खाली यायला साधारण दहा मिनिटं घेतो. एक मायक्रॉनच्या कणाला अर्ध्या दिवसाहून जास्त वेळ लागतो. वरून पंखा चालू असेल तर विचारायलाच नको. सँडर बंद केल्याबरोबर मास्क काढून चहा घेणारे बहुतेक जण नेमका इथेच मार खातात.

बॉक्सवरचे आकडे काय सांगतात?

सगळ्यात ठळक छापलेला आकडा असतो वॉटचा. वॉट म्हणजे मोटर किती वीज खाते. ती किती हवा ओढते, हे त्यातून कळत नाही. युरोपियन युनियनने २०१४मध्ये घरगुती व्हॅक्यूम क्लीनरवर १६०० वॉटची मर्यादा घातली आणि २०१७मध्ये ती ९०० वॉटवर आणली. तेव्हा आता गालिचे साफ होणार नाहीत, अशी बरीच ओरड झाली होती. कंपन्यांनी मोटर आणि हवेचे मार्ग सुधारले आणि ९०० वॉटच्या आत चांगली मशीन बाजारात आली.

दुसरा आकडा केपीए, म्हणजे किलोपास्कल. हा खेचण्याचा जोर. आणि तिसरा, जो आपल्याकडच्या बॉक्सवर अनेकदा नसतोच, तो हवेचा प्रवाह. दर सेकंदाला किती लिटर किंवा दर मिनिटाला किती घनफूट हवा आत जाते, ते. या दोघांतला फरक समजला की निम्मी खरेदी झाली म्हणायची.

शहाळ्यात स्ट्रॉ घालून ओढलं की पाणी वर येतं. जोर भरपूर, पण मार्ग अरुंद. छताचा पंखा याच्या उलट. तो खोलीभर हवा हलवतो, पण त्याच्याने शहाळ्यातलं पाणी काही वर येणार नाही. व्हॅक्यूम क्लीनर स्ट्रॉच्या जातीचा असतो, अरुंद नळीतून जोराने ओढणारा. मोठ्या वर्कशॉपमध्ये कापडी पिशव्या लावलेलं जे उभं मशीन दिसतं, ते डस्ट कलेक्टर पंख्याच्या जातीचं. त्याला चार इंची पाइप लागतो आणि ते भरपूर हवा ओढतं, पण जोर बेताचाच.

आणखी एक गंमत. केपीएचा आकडा नळीचं तोंड पूर्ण बंद करून मोजतात, म्हणजे तेव्हा हवा अजिबात वाहत नसते. प्रवाहाचा आकडा मोजतात तो वाट मोकळी ठेवून, म्हणजे तेव्हा जोर जवळजवळ शून्य. बॉक्सवर दोन्ही शेजारी शेजारी झळकतात, पण प्रत्यक्ष कामात ते एकाच वेळी कधीच मिळत नाहीत.

मग आपल्याला यातलं काय हवं? सँडर, जिगसॉ, ट्रिमर, हातातली सर्क्युलर सॉ यांची धूळ बाहेर पडायची तोंडं लहान, साधारण ३५ मिलिमीटरच्या आसपास असतात. भुसा नळीत न साचता वाहत राहायला हवेचा वेग सेकंदाला २० मीटर तरी असावा लागतो. ३५ मिलिमीटरच्या नळीत एवढा वेग मिळवायला सेकंदाला जेमतेम १९-२० लिटर हवा पुरते आणि चांगलं वर्कशॉप व्हॅक्यूम ती सहज देतं. तीच नळी चार इंची केली, तर तेवढ्याच वेगासाठी सेकंदाला दीडशेहून जास्त लिटर लागतात. सेकंदाला ६० लिटर ओढणारं दमदार व्हॅक्यूम जरी चार इंची पाइपला जोडलं, तरी आत वेग उरतो आठ मीटरच्याही खाली. भुसा पाइपातच मुक्काम करतो.

थोडक्यात, हातात धरायची अवजारं असतील तर व्हॅक्यूम. टेबल सॉ किंवा जाडी काढणारं रंधा मशीन असेल तर डस्ट कलेक्टर. रंधा मशीन मिनिटाभरात एवढी सालपटं काढतं, की व्हॅक्यूमची टाकी बघता बघता भरते. पण फ्लॅटमध्ये किंवा बंगल्याच्या मागच्या खोलीत काम करणाऱ्या बहुतेकांकडे हातातलीच अवजारं असतात, त्यामुळे पुढची गोष्ट व्हॅक्यूमचीच.

घरातला व्हॅक्यूम क्लीनर का नाही चालत?

दिवाळीच्या साफसफाईला माळ्यावरून खाली येणारा व्हॅक्यूम क्लीनर घरात असतोच. तोच लावला तर? लावता येतो, पण फार दिवस टिकत नाही.

घरगुती, फक्त कोरडी धूळ ओढणाऱ्या बऱ्याच मशीनमध्ये आत ओढलेली हवाच मोटरवरून जाते आणि तिला थंड ठेवते. गालिच्यावरचा कचरा, केस, पोह्याचे दाणे यांच्यासाठी हे ठीक आहे. सँडरची धूळ मात्र साध्या पिशवीतून आरपार जाते आणि थेट मोटरवर बसते. पिशवी चोंदली की हवा कमी होते, मोटर तापते आणि एक दिवस जळका वास येतो. भिंतीला पुट्टी लावून घासताना तर हे हमखास होतं.

'वेट अँड ड्राय' मशीनमध्ये पाणीही ओढायचं असतं, त्यामुळे मोटर थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते आणि ओढलेली हवा वेगळ्या वाटेने बाहेर जाते. वर्कशॉपसाठी हीच रचना हवी. आपल्याकडे अशी मशीन साधारण ५ ते १० हजारांत मिळतात, १५ ते ३० लिटरच्या टाकीसह. पाणी ओढायची सोय हा बोनस. पावसाळ्यात बाल्कनी तुंबली की तीही वसूल होते.

आणि ब्लोअर? इंटिरियरचं काम चालू असलेल्या कुठल्याही फ्लॅटमध्ये संध्याकाळी एक दृश्य दिसतं. हातातला ब्लोअर लावून कोपऱ्याकोपऱ्यातला भुसा दाराकडे उडवला जातो. पाच मिनिटांत जागा साफ! जमिनीवर बसलेली सगळी बारीक धूळ पुन्हा हवेत, एवढीच काय ती अडचण. यातले काही ब्लोअर उलटे फिरवून, मागे कापडी पिशवी लावून ओढायलाही वापरता येतात. भुसा पिशवीत राहतो आणि बारीक धूळ कापडाच्या विणीतून ढगासारखी बाहेर येते. पैसे वाचतात, पण ज्या कणांसाठी एवढा खटाटोप, तेच मोकाट सुटतात.

सगळा खेळ फिल्टरचा

१९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने धूळ 'उडवणाऱ्या' यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं. त्याला वाटलं, उडवण्यापेक्षा ओढून घेतली तर? मग त्याने एका रेस्टॉरंटमध्ये खुर्चीच्या गादीवर रुमाल पसरला, त्यावर तोंड टेकवलं आणि जोरात श्वास आत ओढला. ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा काळा डाग उमटला होता. त्यावरून त्याने व्हॅक्यूम क्लीनर बनवला. या किश्शात ओढणारा बूथ सगळ्यांच्या लक्षात राहतो, रुमाल विसरला जातो. खरं काम रुमालाने केलं होतं.

व्हॅक्यूम जेवढी हवा ओढतं, तेवढीच मागून बाहेर सोडतं. फिल्टर गचाळ असेल तर ते मशीन म्हणजे जमिनीवरची धूळ नाकाच्या उंचीवर आणून सोडायची उत्तम सोय. आणि जितका जोर जास्त, तितकी ती जास्त छान सोडणार!

युरोपात वर्कशॉप व्हॅक्यूमचे यासाठी तीन वर्ग केलेत, एल, एम आणि एच. चाचणीच्या धुळीपैकी एल वर्गाचं मशीन जास्तीत जास्त १ टक्का बाहेर सोडू शकतं, एम वर्गाचं ०.१ टक्का आणि एच वर्गाचं ०.००५ टक्का. हे आकडे कागदावर किरकोळ वाटतात. पण मघाचा ५० ग्रॅमचा हिशोब आठवा. एल वर्गाच्या मशीनला ५०० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे, म्हणजे आपल्या १० बाय १०च्या खोलीच्या रेघेच्या दहापट. एमला ५० मिलिग्रॅम, बरोबर रेघेवर. एचला अडीच मिलिग्रॅम. प्रत्यक्षात सगळी धूळ नळीत जात नाही आणि बाहेर आलेली सगळी हवेतही राहत नाही, त्यामुळे हा हिशोब तंतोतंत धरायचा नाही. अंदाज मात्र यायला हरकत नाही.

लाकडाच्या धुळीसाठी एम वर्ग योग्य मानला जातो. त्यात आणखी एक सोय असते. नळीतल्या हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या खाली गेला की मशीन आवाज करून सांगतं. अडचण किमतीची. ही मशीन साध्या वेट अँड ड्रायच्या कित्येक पट महाग आहेत, आणि हौशी माणसाने एवढे पैसे घालावेत असं काही नाही. त्यापेक्षा साधंच मशीन घेऊन त्याचा फिल्टर नीट करणं हा शहाणपणाचा मार्ग.

तो असा. मशीनसोबत बहुधा एक काळा किंवा निळा स्पंज येतो. तो पाणी ओढताना लावायचा असतो. कोरड्या धुळीसाठी तो लावणं म्हणजे कोळ्याच्या जाळ्याने मच्छर पकडण्यासारखं. त्याऐवजी घड्या घातलेला कार्ट्रिज फिल्टर हवा आणि त्याच्या आधी टाकीत कापडासारख्या फ्लीसची पिशवी. पिशवी हा फालतू खर्च आहे असं समजून अनेक जण ती काढून टाकतात. सँडरची धूळ मग थेट कार्ट्रिजच्या घड्यांत जाऊन बसते आणि काही मिनिटांतच खेच निम्मी होते. पिशवी असली की बहुतेक धूळ तीच अडवते, आणि भरली की तोंड बंद करून उचलून टाकता येते. पुन्हा धुरळा नाही. म्हणून मशीन निवडताना त्या मॉडेलच्या पिशव्या आणि फिल्टर आपल्याकडे सुटे मिळतात का, हे आधी बघा. मशीन स्वस्तात मिळालं आणि फिल्टर कुठेच मिळत नाही, हा अनुभव गाठीशी असलेले लोक कमी नाहीत.

'हेपा' या शब्दाचंही तसंच. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. युरोपियन मापात एच१३ लिहिलेलं असतं. नुसतं 'हेपा टाइप' किंवा 'हेपासारखा' लिहिलेलं असेल तर त्याला कसलीच हमी नाही. आणि फिल्टर खरा असला तरी तो जिथे बसतो तिथलं रबर सैल असेल, तर हवा फिल्टरला वळसा घालून निघून जाते. घरी तपासायचं असेल तर रात्री खोलीत अंधार करा, थोडी बारीक धूळ ओढा आणि मशीनच्या मागच्या झोताच्या आडवा मोबाईलचा टॉर्च धरा. प्रकाशात कण दिसले तर गळती आहे. काहीच दिसलं नाही तर मोठी गळती तरी नाही, एवढं नक्की.

रंगाच्या बादलीचं सायक्लोन

फिल्टर कितीही चांगला असला तरी भुशाने लवकर चोंदणार. त्यावरचा उपाय सॉ मिलवाल्यांनी शंभरेक वर्षांपूर्वीच शोधून ठेवलाय. निमुळत्या नरसाळ्यासारख्या भांड्यात हवा कडेने आत सोडायची. ती भोवऱ्यासारखी गरगर फिरते, जड भुसा भिंतीवर आपटून खाली पडतो आणि हलकी झालेली हवा मधून वर निघते. याला सायक्लोन म्हणतात. जेम्स डायसन या ब्रिटिश संशोधकाने १९७०च्या दशकाच्या शेवटी एका सॉ मिलवर असंच मोठं सायक्लोन पाहिलं आणि ते छोटं करून व्हॅक्यूम क्लीनरमध्ये बसवायचं ठरवलं. त्यासाठी त्याने ५,१२७ नमुने बनवले. म्हणजे लाकडाच्या भुशासाठी निघालेली युक्ती घरातल्या व्हॅक्यूममध्ये गेली, आणि आता ती पुन्हा भुशाकडे येतेय.

प्लास्टिकचं छोटं सायक्लोन ऑनलाइन मिळतं. ते २० लिटरच्या रंगाच्या रिकाम्या बादलीच्या झाकणावर बसवायचं, एक नळी अवजाराकडे, दुसरी व्हॅक्यूमकडे. बहुतेक भुसा बादलीत पडतो आणि फिल्टरचं आयुष्य कितीतरी वाढतं. मात्र दोन गोष्टी. बादली पातळ असेल आणि नळीत फळीचा तुकडा अडकला, तर आतल्या पोकळीमुळे ती डब्यासारखी चेपते. एका बादलीत दुसरी बादली घातली की हा प्रश्न बराचसा सुटतो. आणि अगदी बारीक कण सायक्लोनच्याही हाती लागत नाहीत, ते हवेसोबत पुढे जातातच. "आता सायक्लोन लावलं, फिल्टर कशाला?" असं म्हणून साध्या स्पंजावर काम भागवणारे पुन्हा कवडशापाशी येऊन पोचतात.

झाकणाची फट, नळ्यांचे सांधे हवाबंद नसतील तर हे सगळंच ढेपाळतं. अवजाराचं तोंड एका मापाचं, नळी दुसऱ्याच मापाची, ही तर सार्वत्रिक कटकट. अ‍ॅडॉप्टर महाग पडतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणि दोन क्लॅम्प यांच्यावर भागवणाऱ्यांचं काम मात्र वर्षानुवर्षं चाललेलं दिसतं.

सँडरच्या बाबतीत एक उलटी गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्याला जास्त खेच चालत नाही. जोर जास्त झाला की सँडर फळीला चिकटतो, नीट फिरत नाही आणि पृष्ठभागावर गोल ओरखडे उमटतात. मशीनला वेग कमी-जास्त करायची सोय असेल तर उत्तम. नसेल तर नळीच्या मुठीवरची हवेची खिडकी थोडी उघडी ठेवायची. सँडपेपरची भोकं सँडरच्या भोकांवर बरोबर बसली नसतील, तर बाकी सगळं करून काही उपयोग नाही. घाईत तिरका लावलेला पेपर निम्मी धूळ बाहेर टाकतो.

घेण्याआधी प्लग पॉइंट बघा

आपल्याकडे भिंतीवरचा साधा पॉइंट ६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला त्यातून साधारण १३८० वॉटच निघतात. म्हणजे १४०० वॉटचं व्हॅक्यूम एकट्यानेच तो भरून टाकतं. त्याच एक्स्टेंशन बोर्डवर १२०० वॉटची सर्क्युलर सॉ लावली तर वायर तापणारच. दोन्ही एकत्र चालवायचे असतील तर गीझरसाठी असतो तसा १६ अँपिअरचा पॉइंट आणि त्याला साजेशी जाड वायरच हवी. काही व्हॅक्यूमवर अवजारासाठीच सॉकेट दिलेलं असतं. अवजार सुरू केलं की व्हॅक्यूम आपोआप सुरू होतं, आणि अवजार बंद झाल्यावर नळीतला भुसा ओढून घ्यायला काही सेकंद चालू राहतं. चैन वाटते, पण उठून बटण दाबायचा कंटाळा हेच व्हॅक्यूम न लावण्याचं सगळ्यात मोठं कारण असतं. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मशीन मागवायचा मोह होत असेल तर ते १२० व्होल्टचं असतं, तेव्हा नकोच.

आवाजाचं काय? बहुतेक मशीन ८० डेसिबलच्या आसपास गरजतात आणि सँडरचा आवाज वेगळा. कानात प्लग घालून आपलं भागतं, शेजाऱ्यांचं नाही. पुण्यात तर दुपारी एक ते चार हा विषयच काढू नये.

आगीची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या व्हॅक्यूममध्ये भुसा भरलाय त्यानेच ग्राइंडरवर लोखंड घासतानाच्या ठिणग्या ओढल्या, तर आत ठिणगी धुमसत राहते, आणि वरून हवेचा झोत असतोच. धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. लोखंडाचं काम करायचं तर टाकी आधी रिकामी करायची, नाहीतर ठिणग्या ओढायच्याच नाहीत. जवसाचं तेल लावलेल्या चिंध्याही टाकीत किंवा भुशाच्या बादलीत टाकायच्या नाहीत, त्या आपोआप तापून पेटू शकतात. भिंतीला ड्रिल मारताना किंवा टाइल कापताना निघणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसांना लाकडाच्या धुळीपेक्षाही वाईट, तेव्हा तिथे फिल्टरच्या बाबतीत तडजोड नको.

आणि हे सगळं करूनही सँडर चालू असताना एन९५ मास्क लागतोच. ट्रिमर आणि सर्क्युलर सॉ यांच्या पात्याने फेकलेला भुसा कुठलंही व्हॅक्यूम पूर्ण पकडत नाही. व्हॅक्यूममुळे मास्कवरचा भार हलका होतो आणि मास्क काढल्यावरही हवा श्वास घेण्याजोगी राहते.

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांसाठी पावसाळ्यातली एक अडचण. पाणी ओढून मशीन तसंच ठेवलं, किंवा दमट भुसा टाकीत राहिला, की आठवड्याभरात कागदी फिल्टरवर बुरशी धरते. पुढच्या वेळी मशीन सुरू केलं की तो कुबट वास खोलीभर पसरतो. धुता येणारा फिल्टर घेतला असेल तर तो पूर्ण वाळायला जुलैमध्ये दोन-तीन दिवसही लागतात, म्हणून एक जास्तीचा फिल्टर घरात असलेला बरा. टाकी रिकामी करायची ती घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून आणि मास्क न काढता. फिल्टर भिंतीवर आपटून झटकायचा नाही, त्याने घड्या फाटतात. बादलीतला जाडसर भुसा निव्वळ लाकडाचा असेल तर कंपोस्टच्या ड्रममध्ये चालतो. प्लाय आणि एमडीएफचा मात्र सुक्या कचऱ्यात, पिशवीचं तोंड बांधून.